स्टेपलरचं बट्रेस पहिल्यांदा हातात घेताय? ओटीतल्या नवीन मंडळींसाठी

मी इंदूरच्या एका खाजगी हॉस्पिटलमध्ये ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये, स्क्रब सिस्टर आहे, सर्जनच्या हातात अवजारं देणारी. ११ वर्षं झाली, त्यातली ७ लॅप्रोस्कोपीच्या टेबलावर. दर पावसाळ्याच्या तोंडाशी नवीन पोरं येतात, कुणी जीएनएम करून, कुणी ओटी टेक्निशियनचा डिप्लोमा करून, आणि दरवर्षी तेच बघते की स्टेपलर हातात धरायला सगळ्यांना येतं, पण त्याच्यासोबत बट्रेसची, म्हणजे पिनांना आधार देणाऱ्या पट्टीची, ती चंदेरी पुडी आली की हात थांबतात. कारण हे कॉलेजात कुणी शिकवत नाही, कंपनीचा माणूस येतो, फोमच्या तुकड्यावर दोन मिनिटांत दाखवतो, "सिस्टर, एकदम ईझी आहे" म्हणतो आणि चहा पिऊन जातो.

मी स्वतः कशी शिकले ते आधी सांगते. ऑगस्ट महिना, बाहेर धो धो, स्लीव्हची केस (वजन कमी करायला जठर कापून लहान करतात ती). मी नवीन, उत्साही, सगळं आधीच तयार असावं म्हणून केस सुरू व्हायच्या अर्धा तास आधीच पुडी फोडून बट्रेस मेयो ट्रॉलीवर काढून ठेवलं, शेजारीच सलाईनचा बाऊल. मग त्याच ओल्या ग्लोव्हजने उचललं. दोन्ही कडा अशा वळल्या जसा पाण्याचा हात लागलेला पापड. सर ओरडले नाहीत, नुसतं म्हणाले, "दुसरं आहे का?" दुसरं होतं, पण स्टोअरमध्ये, आणि स्टोअरची चावी ज्या भैयांकडे ते खाली पोहे खायला गेलेले. पेशंट टेबलावर, १२ मिनिटं सगळे गप्प उभे. त्या १२ मिनिटांत जे शिकले ते कुठल्याच ट्रेनिंगमध्ये शिकले नसते.

तर आता क्रमाने.

१. हे नेमकं काय आहे ते आधी डोक्यात बसवा

स्टेपलर टिश्यूमध्ये टायटॅनियमच्या पिना मारतो, आणि बहुतेक वेळा मधून कापतोही. पिना बंद होताना इंग्रजी बी सारखा आकार घेतात. टिश्यू नाजूक असेल तर पिनेच्या भोकातून रक्त येतं, किंवा फुप्फुस असेल तर हवा गळते. म्हणून पिना आणि टिश्यू यांच्या मधे एक पातळ पट्टी ठेवतात, ब्लाउजच्या बटणाखाली आतून कापडाचा तुकडा लावतो ना, म्हणजे धागा कापड फाडत नाही, तेच काम. ताण एका पिनेवर न येता पट्टीभर पसरतो. ह्या पट्टीला बट्रेस म्हणतात. ओटीत कुणी पॅड म्हणेल, कुणी स्ट्रिप, आणि जुने लोक कुठल्याही कंपनीचं असो, सरळ "सीमगार्ड द्या" म्हणतात. कागदावर कधीकधी एसएलआर लिहिलेलं असतं, म्हणजे स्टेपल लाइन रीइन्फोर्समेंट. आमच्या एका नवीन मुलीने ते वाचून पेशंटचा पाय सरळ वर उचलून बघायचा का असं विचारलं होतं, कारण ऑर्थोत एसएलआर म्हणजे ते. हसू नका, मीही एकदा गोंधळले होते.

सगळ्यात जास्त कुठे लागतं? वजन कमी करायच्या स्लीव्हमध्ये, फुप्फुसात, आणि काही सर्जन स्वादुपिंडाचा शेपटीकडचा भाग काढताना वापरतात. फुप्फुसातली कल्पना जुनी आहे, एम्फायसीमाच्या (हवेच्या बारीक पिशव्या खराब झालेल्या) फुप्फुसातून हवा गळू नये म्हणून सर्जन जोएल कूपर यांनी १९९४ मध्ये गाईगुरांच्या पेरिकार्डियमच्या (हृदयाभोवतीच्या पिशवीच्या) पट्ट्या लावून स्टेपल करायची पद्धत मांडली होती. मात्र ह्याने सगळं सुटतं असं समजू नका. रक्त कमी जातं हे बऱ्याच अभ्यासांत दिसलंय, पण लीक, म्हणजे पिनांच्या ओळीतून गळती, कमी होतो का ह्यावर सर्जन लोकांचं अजून एकमत नाही, आणि मोठ्या आतड्याच्या सर्क्युलर (गोल जोडणीच्या) स्टेपलरमध्ये तर खास फायदा दिसलेला नाही. वापरायचं की नाही हे सर ठरवतात. आपल्या हातात आहे ते एवढंच की ठरवलंय तर ते नीट बसावं.

२. डब्बा वाचा, आणि त्यात काय आहे ते पेशंटला कळलंय ना बघा

बाहेरून सगळे डबे सारखेच दिसतात, आत मात्र दोन वेगळी घराणी आहेत.

एक सिंथेटिक. पॉलिग्लायकॉलिक अॅसिड, किंवा त्याच्यात ट्रायमिथिलीन कार्बोनेट मिसळलेलं. व्हिक्रिलचा विरघळणारा धागा माहीत आहे ना, त्याच्याच भाऊबंदांपैकी. शरीरातल्या पाण्याने हळूहळू तुटतं आणि विरघळतं. गोर कंपनीचं सीमगार्ड ह्यातलं, साधारण ६ महिन्यांत शोषलं जातं. काही कंपन्यांच्या रीलोडवर (पिनांनी भरलेलं, दर वेळी बदलायचं कार्ट्रिज) हे फॅक्टरीतूनच लावून येतं.

दुसरं जनावराचं. पेरी-स्ट्रिप्स हे गोवंशाच्या पेरिकार्डियमचं, म्हणजे हृदयाभोवतीच्या पिशवीचं. डुकराच्या लहान आतड्याच्या थरापासून केलेलंही असतं. ह्यातलं सगळंच सिंथेटिकसारखं विरघळून जात नाही, काही प्रकारांत शरीर त्याच्यात आपली टिश्यू भरून घेतं.

आता हे इंदुरात फार महत्त्वाचं आहे. आपल्याकडे जैन पेशंट किती, शाकाहारी घरं किती, मुस्लिम पेशंट किती. एक मावशी प्री-ऑप रूममध्ये माझा हात धरून म्हणाल्या, "बेटा, इसमें जानवर का तो कुछ नहीं है ना?" त्यांना गोळीच्या कॅप्सूलबद्दल विचारायचं होतं, पण मला एकदम डब्बा आठवला. मी त्यांना हो-नाही काहीच सांगितलं नाही, बाहेर येऊन सरांना सांगितलं, सर स्वतः बोलले आणि सिंथेटिक मागवलं. तुम्हीही तेच करा. स्वतःच्या मनाने "काही नसतं हो" म्हणून मोकळं व्हायचं नाही. कन्सेंटच्या कागदावर मटेरियल लिहिलं नसेल तर आदल्या दिवशीच सरांना आठवण करा, टेबलावर झोपल्यावर ह्या गोष्टी विचारता येत नाहीत.

३. जोडी जुळवा: हँडल, रीलोड, बट्रेस

सगळ्यात जास्त गडबड इथे होते, म्हणून जरा सावकाश वाचा.

बट्रेस हे अमुक हँडल आणि अमुक लांबीच्या रीलोडसाठीच बनतं. ४५ मिमीचं ६० ला चालत नाही, एका कंपनीचं दुसऱ्याच्या जॉवर (स्टेपलरच्या जबड्यांवर) "बसतंय की" म्हणून ढकलायचं नाही. बसतं, आणि फायर करताना, म्हणजे पिना मारताना, सरकतं.

मग रंग. एका मोठ्या कंपनीच्या रीलोडमध्ये बंद झाल्यावर पिनेची उंची साधारण अशी: पांढरा १.० मिमी, निळा १.५, सोनेरी १.८, हिरवा २.०, काळा २.३. दुसऱ्या कंपनीत एकाच रीलोडमध्ये तीन ओळींच्या तीन उंच्या असतात, म्हणजे जांभळ्यात ३.०, ३.५, ४.०, आणि काळ्यात ४.०, ४.५, ५.०, आणि हे आकडे बंद होण्याआधीचे. म्हणजे ह्या कंपनीचा काळा आणि त्या कंपनीचा काळा एक नाही! रंगाच्या भरवशावर राहू नका, आकडा वाचा, आणि तो उघड्या पिनेचा आहे की बंद पिनेचा तेही वाचा.

आता मुद्दा. बट्रेस लावलं की टिश्यूच्या वर एक आणि खाली एक असे दोन थर वाढले. पिनेला हे सगळं मिळून पकडायचंय. त्यामुळे नुसत्या टिश्यूला जो रंग बरोबर होता तो बट्रेससोबत आखूड पडू शकतो, पिना नीट वळत नाहीत, आणि ज्या गळतीसाठी पट्टी लावली तीच होते. स्लीव्हमध्ये पायलोरसकडचा अँट्रम, म्हणजे जठराचा खालचा भाग, जाड असतो, वर फंडसकडे पातळ होत जातं, म्हणून बरेच सर्जन खालून काळा किंवा हिरवा घेऊन सुरू करतात आणि मग बारीक उंचीवर येतात. आपण काय करायचं? सरांनी रंग सांगितला की मोठ्याने परत म्हणायचं: "काळा, ६०, बट्रेससोबत." बस. हे "बट्रेससोबत" म्हटल्याने माझ्यासमोर दोनदा सरांनी रंग बदललाय. कुठल्या रीलोडसोबत चालतं आणि कुठल्यासोबत नाही याचा तक्ता डब्यातल्या कागदावर असतो, तो कागद फेकू नका, आमच्याकडे लॅमिनेट करून स्टेपलरच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलाय.

आणि कागदावर कुठली सर्जरी लिहिलीय तेही बघा. २०१२ मध्ये बट्रेस लावून येणारे एक रीलोड छातीच्या सर्जरीत वापरू नका म्हणून परत मागवले होते, पेशंट दगावल्याच्या तक्रारी आल्या होत्या. पोटात चालतं ते छातीत चालेलच असं नाही.

४. आदल्या दिवशी

मी वहीत एवढं टिक करते:

- सरांनी सांगितलेला बट्रेसचा प्रकार, लांबी, आणि किती. स्लीव्हला साधारण ५-६ रीलोड लागतात, तेवढ्यांना हवं का फक्त काहींना, हे विचारायचं
- एक जोडी जास्तीची, ओटीच्या आत, स्टोअरमध्ये नाही (पोहे आठवा)
- एक्सपायरी, पुडीला भोक किंवा सील सुटलेलं नाही ना
- डब्यावर इम्पोर्ट लायसन्स नंबर, बॅच नंबर, एमआरपी
- त्याच कंपनीचं हँडल, बॅटरीवालं असेल तर बॅटरी
- १२ मिमी ट्रोकार (अवजारं पोटात घालायची नळी), आणि काही जाड रीलोडला १५ मिमी लागतो, ते तपासून
- कन्सेंट, टीपीएचं (इन्शुरन्सचे क्लेम बघणाऱ्या कंपनीचं) अप्रूव्हल, इम्प्लांट रजिस्टर

पैशाचं इथेच सांगून टाकते. टीपीएला पाठवायच्या एस्टिमेटमध्ये बट्रेस वेगळं नाव घेऊन लिहायला बिलिंगला सांगा, "कन्झ्युमेबल्स" मध्ये गाडलं तर नंतर कट होतं आणि नातेवाईक आपल्याशीच भांडतात, आणि बरोबरच आहे त्यांचं. वजनाच्या सर्जरीला पॉलिसीत बीएमआय ४०, किंवा ३५ सोबत गंभीर आजार अशी अट असते, ती बघणं आपलं काम नाही पण नातेवाईकांनी विचारलं तर इन्शुरन्स डेस्ककडे पाठवता यावं इतपत माहीत असू द्या. आणि आपल्या हातून खराब झालेली पट्टी पेशंटच्या बिलात टाकायची नाही. माझी पहिली पट्टी हॉस्पिटलच्या खात्यात गेली, इन्चार्जची बोलणी मला बसली, ठीक आहे.

५. लावणे

पुडी फोडायची वेळ: सर टिश्यू मोकळी करून "स्टेपलर" म्हणायच्या बेतात असतील तेव्हा. त्याआधी नाही. सिंथेटिक पट्टी पाण्याने तुटते म्हणूनच तर ती फॉइलमध्ये येते, मग ती तासभर उघडी कशाला ठेवायची.

ग्लोव्हज कोरडे करा. नुसतं पुसून नाही, ओले असतील तर सरळ बदला. ट्रॉलीवर एक कोपरा कोरडा ठेवा, मी एक सुकं टॉवेल घडी घालून ठेवते आणि त्याच्यावर सलाईन, बीटाडीन, ओला गॉज काहीही येऊ देत नाही, सरांनाही नाही.

वरची आणि खालची पट्टी वेगळी असते, अॅन्व्हिलची (ज्यावर पिना वळतात तो जबडा) आणि कार्ट्रिजची (ज्यातून पिना निघतात तो). खूण बघा. बाहीसारखं चढवायचं असेल तर टोकापासून सरळ मागे घ्या, पिळू नका, मधे फुगा किंवा घडी नको. काही प्रकारांना चिकटवायला जेल असतं, ते पातळ लावा. काहींना ओढून काढायची दोरी असते, तिचं टोक मोकळं आणि दिसेल असं राहू द्या. जॉ एकदा हळू बंद करून उघडा, बाजूने बघा, पट्टी जॉच्या बाहेर लोंबत नाही ना. चालू केसमध्ये पट्टी सैल वाटली तर "चालेल" म्हणायचं नाही, काढा आणि दुसरी लावा.

ह्याची प्रॅक्टिस? कंपनीच्या माणसाकडे एक्सपायर झालेले डेमो पीस असतात, मागा. मी चार दुपारी डेमोच्या पट्ट्या घालून काढून बघितल्या, डोळे बंद करून सुद्धा. डेमो पीसवर लाल मार्करने मोठी फुली मारून ओटीच्या बाहेर ठेवा, हे अगदी कडक.

६. पोर्टमधून आत, आणि फायर

जॉ बंद करूनच ट्रोकारमधून घालायचं. वॉल्व्हला पट्टीची कड अडकते, म्हणून सरांच्या हातात देताना "बट्रेस आहे" म्हणा म्हणजे ते सरळ घालतील, फिरवणार नाहीत. आत गेल्यावर टिश्यूवर जॉ घासत पुढेमागे केले की पट्टी सरकते, स्क्रीनवर लक्ष ठेवा आणि सरकलेली दिसली तर बोला. नवीन लोक बोलायला घाबरतात. मला एका सीनियर सरांनी सांगितलेलं, "चुकीचं बोललीस तर मी दोन सेकंद रागवेन, नाही बोललीस तर पेशंट दोन महिने भोगेल."

फायरच्या आधी अॅनेस्थेशियाला विचारलं जातं ना की रायल्स ट्यूब (नाकातून जठरात घातलेली नळी) मागे घेतली का, टेम्परेचर प्रोब बाहेर आहे का? नसेल विचारलं तर तुम्ही विचारा. आत फक्त बुजी (स्लीव्हचं माप ठेवायची जाड नळी) पाहिजे. नळी स्टेपल होणं ही गंमतीची गोष्ट नाही, होतं असं.

जॉ बंद केल्यावर सर साधारण १५ सेकंद थांबतात, टिश्यूतलं पाणी दबून बाजूला जायला. तेवढ्यात पुढचा रीलोड हातात घ्यायची घाई करू नका, आधी हा होऊ द्या. दोरीवालं असेल तर दोरी कधी ओढायची ते कागदावर लिहिल्याप्रमाणे, अंदाजाने नाही.

फायर झाल्यावर जॉ बाहेर आले की सलाईनमध्ये हलवून धुवा, सुटी पीन आणि पट्टीचे तुकडे अडकलेले असतात, तसेच पुढच्या रीलोडला लागले तर तो अडतो. धुतल्यावर पूर्ण कोरडं करा, मगच पुढची पट्टी. ही धुवायची आणि कोरडं करायची कसरत ५-६ वेळा करायची असते आणि चौथ्या वेळी कंटाळा येतो, चुका तिथेच होतात. दोन फायर जिथे एकमेकांवर येतात तिथे पट्टीवर पट्टी चढून जाडी एकदम वाढते, ते सर सांभाळतात, पण पट्टी टोकाच्या पुढे लोंबत असेल तर ती आपली चूक.

७. मोजणी आणि स्टिकर

गॉज मोजतो तसं हेही मोजायचं. दोरी, कव्हर, प्लास्टिकचा कॅरियर, कापलेला तुकडा, सगळं परत टेबलावर. बोर्डवर मी असं लिहायला लावते: "१ काळा, बट्रेस हो. २ काळा, बट्रेस हो. ३ जांभळा, बट्रेस नाही." दोन आठवड्यांनी पेशंट ताप घेऊन परत आला तर सर हेच विचारतात आणि तेव्हा कुणाला आठवत नसतं.

स्टिकर तीन ठिकाणी: पेशंटच्या फाइलमध्ये, इम्प्लांट रजिस्टरमध्ये, बिलिंगला. डिस्चार्ज समरीत बट्रेसचं नाव आलं पाहिजे.

पेशंट वॉर्डात हमखास विचारतात, "पिना आत राहणार का?" हो, पिना टायटॅनियमच्या, त्या राहतात. विरघळली तर ती फक्त पट्टी, तीही सगळ्याच प्रकारांत नाही. पुढे कधी एमआरआय करायचा झाला तर तिथल्या माणसाला समरी दाखवायला सांगा.

८. उरलेलं परत वापरायचं? नाही.

उघडलेली पण न लावलेली पट्टी ईटीओला (गॅसने निर्जंतुक करायला) पाठवू का, हा प्रश्न दर बॅचला येतो. ईटीओच्या मशीनमध्ये ऊब असते आणि दमटपणा मुद्दाम ठेवावा लागतो, म्हणजे ह्या मटेरियलला जे नको तेच दोन्ही. बाहेर येते तेव्हा दिसायला तशीच दिसते, ताकद गेलेली असते. ऑटोक्लेव्हचं तर नावच नको. कुणी "पूर्वीपासून करतो आम्ही" म्हणालं तरी तुम्ही तुमच्या हाताने करू नका.

९. काही बिघडलं तर

रीलोड अडला, पिना वळल्या नाहीत, पट्टी फाटली, तर ते पीस कचऱ्यात टाकू नका. पिशवीत, बॅच नंबरसकट, इन्चार्जकडे. स्टेपलरच्या तक्रारी काही थोड्या नाहीत: अमेरिकेच्या एफडीएने मार्च २०१९ मध्ये सांगितलं की जानेवारी २०११ ते मार्च २०१८ मध्ये त्यांच्याकडे ४१,००० च्या वर रिपोर्ट आले, त्यात ३६६ मृत्यू. आपल्याकडे २०१५ पासून मटेरिओव्हिजिलन्स प्रोग्राम (वैद्यकीय उपकरणांच्या तक्रारी नोंदवायची योजना) आहे, गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनकडे, हेल्पलाइन १८००-१८०-३०२४. फॉर्म नर्स किंवा टेक्निशियनही भरू शकतो, सरांचीच सही लागते असं काही नाही. नुसतं कंपनीच्या माणसाला सांगितलं की तो "बदलून देतो सिस्टर" म्हणून पीस घेऊन जातो, आणि तुमच्या हातात दाखवायला काही उरत नाही. आधी फोटो, मग फॉर्म, मग पीस द्यायचा का ते इन्चार्जला विचारून.

आणि हो, स्टोअरच्या चावीची एक कॉपी आता ओटीत खिळ्यावर टांगलेली असते. ती मागून घ्यायला मला दीड वर्ष अर्ज करावे लागले.